बिनसंताचं आकाश

"आल्या, आकाशवाल्या बाई आल्या," लिवियो म्हणाला तेव्हा फुल्विया हातमोजा काढत होती. गेली कितीतरी वर्षं त्रिएस्तेतल्या कालव्याकाठच्या या कॉफीच्या दुकानात तिचं पाऊल पडलं की लिवियो यंत्राच्या वाफेआडून एवढंच म्हणायचा आणि तिला न विचारता ग्लासातली छोटी कॉफी, वर दुधाचा ठिपका टाकून, पुढे सरकवायचा. आजही तिचे ओठ सवयीने हसायला लागले, मान थोडी वर झाली, आणि मग तिला दिसलं की लिवियोची नजर तिच्यावर नाहीच. ती तिच्या खांद्यावरून मागे, दाराकडे गेलेली आहे. दारातून मिर्याम आत येत होती. बोरा वाऱ्याने तिचे केस तोंडभर पसरले होते, ती ते दोन्ही हातांनी मागे सारत हसत होती, आणि तिच्यामागे वारा दार लोटून घेत होता. फुल्वियाचं अर्धं उघडलेलं हसू तसंच राहिलं. ते मिटायचं कसं हे तिला कळेना. काउंटरवरच्या साखरेच्या पुड्या ती उगाच सारख्या करत बसली. साखर ती घेत नसे. मंगळवारचं तिचं ते व्रत होतं, आणि मंगळवारची सवय हळूहळू सगळ्याच वारांना लागली होती.

"बाई, ग्लासात, ठिपका टाकून. बरोबर?" लिवियो मिर्यामला विचारत होता.

"बरोबर. आणि आज जरा गोड बोल रे, लिवियो. आज माझी परीक्षा आहे."

"घेतंय कोण?"

"या." मिर्यामने फुल्वियाच्या दंडाला हात लावला. "यांनी आकाश केलंय, मी ते वाचलंय. अकरा वाजता या सांगणार, बरोबर वाचलं की नाही ते."

"म्हणजे दोघीही आकाशवाल्याच की!" लिवियो हसला आणि आता कुठे फुल्वियाकडे वळला. "सिन्योरा, पोरीला नापास करू नका हं. ही गेली तर माझं दुकान ओस पडेल. तुम्ही काय, एक घोट मारता आणि पळता."

फुल्विया हसली. म्हणाली, "माझ्या हातात काय आहे? आकडे बोलतील." आणि तिची कॉफी आली तेव्हा तिच्या लक्षात आलं, लिवियोने आज ठिपका टाकला नव्हता. नुसती काळी कॉफी. काळी कॉफी तिने एका घोटात संपवली आणि जिभेवरचा कडूपणा घेऊन ती बाहेर वाऱ्यात आली.

एवढंच झालं होतं. बसच्या थांब्यावर भिंतीला पाठ लावून उभी असताना ती स्वतःला तेच सांगत होती, की एवढंच झालंय, एका कॉफीवाल्याने एक नाव एका बाईवरून उचलून दुसरीवर ठेवलंय. वाऱ्याचा एकेक झोत कालव्यावरून यायचा, नांगरलेल्या होड्यांच्या दोऱ्या किरकिरायच्या, आणि समोरच्या टोकाला संत अंतोनीच्या देवळाचे खांब राखी उजेडात उभे होते. त्या देवळात ती अर्ध्या तासापूर्वीच जाऊन आली होती. रोज जायची. एक मेणबत्ती लावायची आणि नावं घ्यायची. आईचं, बापाचं, बहिणीचं, मग ऑफिसातल्या प्रत्येकाचं; कुणाच्या मुलाला ताप असला तर त्या मुलाचं; गटप्रमुख बेनुस्सीचं, जो स्वतः कशावरच विश्वास ठेवत नसे. नावं घेताना काही मागायचं नाही, नुसतं नाव उच्चारायचं, हा तिचा नेम. शरद ऋतूपासून त्यात एक अडचण आली होती. मिर्यामच्या नावापाशी जीभ अडायची. 'मि' म्हणेपर्यंत ठीक असायचं, आणि मग घशात काहीतरी बारीक खड्यासारखं यायचं. पहिल्या दिवशी तिला वाटलं सर्दी असेल. मग ती ते नाव मनात घेऊ लागली. मग मनातही घेईना. त्या जागी एक श्वास सोडायची आणि पुढच्या नावावर जायची. आज सकाळी तर तिने श्वासही सोडला नव्हता.

बस चढावर लागली, समुद्र खाली गेला, कार्स्टच्या पठाराचा पांढरा खडक दिसायला लागला. मिर्याम या वरच्याच एका खेड्यातली, स्लोव्हेनियन घरातली. तिच्या आजोळी घरची दारू, घरचं डुकराचं मांस, अंगणात बाकं टाकून लोक जेवायला येतात. हे सगळं ती ऑफिसात अशा काही आनंदाने सांगायची की ऐकणाऱ्याला स्वतःचं घर कोरडं वाटायला लागावं. ऑफिसात लहानमोठे सगळे एकमेकांना अरेतुरे करत. मिर्यामच तेवढी फुल्वियाला 'तुम्ही' म्हणायची. पहिल्या वर्षी फुल्वियाला ते गोड वाटलं होतं. आता त्या 'तुम्ही'मध्ये तिला आपलं वय ऐकू यायचं.

आणि फुल्वियाचं काम काय, तर खोटी आकाशं करणं. खरं आकाश एकच. विश्व अगदी तान्हं होतं तेव्हाचा उजेड, थंड होत होत आता सगळ्या दिशांनी आपल्यापर्यंत पोचणारा, त्यातले कणभर कमीजास्त गरम ठिपके. आणि त्या ठिपक्यांच्या विणीत दडलेले सहा आकडे, की विश्वात पदार्थ किती, ते फुगतंय किती, पहिले तरंग कोणत्या बाजूला कललेले होते. हे सहा आकडे वाचायचे तर वाचणाऱ्याची पद्धत आधी तपासून घ्यावी लागते, आणि खऱ्या आकाशावर ती तपासता येत नाही, कारण त्याचं उत्तर कुणालाच ठाऊक नाही. म्हणून एक जण मनाशी सहा आकडे धरतो, त्या आकड्यांपासून होऊ शकलं असतं असं एक आकाश संगणकावर करतो, त्यावर दुर्बिणीची खरखर टाकतो आणि दुसऱ्याच्या हवाली करतो. दुसऱ्याने उलटं चालत जाऊन आकडे शोधायचे. बेनुस्सीच्या गटात याची एक रीत पडली होती: खरे आकडे कुठे लिहून ठेवायचे नाहीत. करणाऱ्याने ते डोक्यात वागवायचे आणि ठरलेल्या दिवशी सगळ्यांसमोर तोंडाने बोलायचे. याला ते आकाश उघडणं म्हणत. फुल्वियाने आजवर किती आकाशं उघडली होती याचा हिशेब तिच्याकडे नव्हता. खरं मात्र एकदाही वाचलं नव्हतं. मागच्या खेपेला उपग्रहाचं आकाश आलं तेव्हा बेनुस्सीने ते स्वतः वाचलं, आणि तिला म्हणाला होता, पुढचं तुझं. आता पुढचं आलं होतं, चिलीच्या वाळवंटातल्या नव्या दुर्बिणीचं. आणि ऑक्टोबरात, भर बैठकीत, पेन्सिलीने टेबलावर टकटक करत तो म्हणाला, "मिर्यामची नवी पद्धत फुल्वियाच्या आकाशावर चालली, तर खरं आकाश मिर्याम वाचेल." त्याला आपलं जुनं वाक्य आठवतही नव्हतं. विसरलेल्या माणसावर रागावता येत नाही. राग मग जवळ जे मऊ सापडेल त्यावर जाऊन बसतो.

त्या दिवशी घरी जाऊन तिने योता गरम केला होता, आंबट कोबीचा आणि घेवड्याचा रस्सा, आणि पहिल्याच चमच्याला तिला आपल्या बापाची आठवण झाली होती. बाप स्पिलिंबेर्गोचा, रंगीत खड्यांच्या फरश्या बसवणारा. फ्रिउलीतल्या कितीतरी देवळांत त्याच्या हातचे मासे आणि मोर आहेत. एकदा गावच्या देवळात त्याने वेदीपुढची फरशी पुरी केली. शेवटचा खडा राहिला होता, माशाच्या डोळ्याचा, काळा. दोघी पोरी गुडघ्यांवर बसून बघत होत्या. फुल्विया नऊ वर्षांची, नेव्हिया सहाची. फुल्वियाने उन्हाळाभर खडे रंगवार निवडून दिले होते, बोटांची साल गेली होती. बापाने खडा उचलला, दोघींकडे बघितलं आणि नेव्हियाच्या तळहातावर ठेवला. ती धाकटी होती म्हणून, तिची बोटं बारीक म्हणून, की ती त्या क्षणी हसली म्हणून. नेव्हियाने खडा बसवला आणि टाळ्या वाजवल्या. मग बाप फुल्वियाला म्हणाला, "बघ, खऱ्या माशाच्या डोळ्यात किती चमक असते. पण एका खड्यात एकच रंग मावतो. तेवढी चमक मरतेच. ती मेलीय हे धरून चालायचं." त्याला वाटलं असेल तो मोठीला काहीतरी मोठ्यांचं देतोय. त्यानंतर दर रविवारी, प्रसाद घ्यायला वेदीकडे जाताना, फुल्विया मोजून पाऊल टाकायची आणि उजवी टाच त्या डोळ्यावर दाबायची. जोरात नाही. अंगातला सगळा भार एका क्षणापुरता तिथे आणायची, आणि मग हात जोडून पुढे व्हायची. लग्न होऊन नेव्हिया कॅनडात गेली, बाप गेला, तरी गावी गेलं की तिची टाच आपोआप तिथे पडायची. खडा कधी निघाला नाही. बापाचं काम पक्कं होतं.

तर योत्याचा वाडगा तसाच ठेवून तिने मिर्यामसाठी आकाश करायला घेतलं होतं. तिला माहीत होतं, मिर्यामला तिच्या सगळ्या सवयी पाठ आहेत. ज्या यंत्रणेतून फुल्विया आकाशं काढायची ती तिने स्वतः, जपून, वर्षानुवर्षं जोडत आणलेली होती. आणि प्रत्येक आकाशाचं बी, म्हणजे ज्या संख्येपासून सगळे ठिपके उगवतात ती, फुल्विया त्या दिवशी ज्या संताचा सण असेल त्याच्या तारखेवरून घ्यायची. ऑफिसात सगळे चेष्टा करत. "हे कुणाचं आकाश? संत लुचियाचं? ती तर डोळ्यांची राखणदार! मग डोळे नीट असणार." यावेळी मात्र तिने ती यंत्रणा बाजूला ठेवली. मिर्यामला ओळखीचं काहीच सापडता कामा नये, असं तिला वाटलं. कोऱ्या पानापासून, एकेक ओळ हाताने लिहून तिने ते आकाश केलं. बी म्हणून डोळे मिटून दाबलेली कुठलीतरी संख्या. त्या आकाशाला कोणताच संत नव्हता. ते करताना तिला एक विचित्र सुख होत होतं, चेहरा गरम झाला होता, आणि आपण चाचणी अवघड करतोय, चोख करतोय, शास्त्राचं कामच आहे ते, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

अकरा वाजता छोट्या सभागृहात खिडक्यांची तावदानं वाऱ्याने थडथडत होती. मिर्याम उभी राहिली. तिने आपले सहा आकडे फळ्यावर मांडले, प्रत्येकापुढे आपल्या खात्रीची मर्यादा. मग ती फुल्वियाकडे वळली आणि तिने दोन्ही हात मागे बांधले, शाळेतल्यासारखे. फुल्विया बसल्या जागेवरून एकेक आकडा बोलू लागली. पहिला जुळला. दुसरा जुळला. बेनुस्सी मान डोलावू लागला. तिसरा, चौथा, पाचवा थोडे इकडेतिकडे, पण मर्यादेतच. प्रत्येक आकड्यानंतर फुल्विया आधी फळ्याकडे बघायची, मग पुढचा बोलायची. सहावा, तरंगांचा कल. मिर्यामच्या फळ्यावर होतं दशांश नऊ सात दोन. "दशांश नऊ पाच आठ," फुल्विया म्हणाली.

मिर्यामने फळ्याकडे पाहिलं, मग पुन्हा फुल्वियाकडे. "पाच आठ?"

"पाच आठ."

"पाच सिग्माने चुकलंय, मर्यादेच्या पाचपट," बेनुस्सी म्हणाला. त्याचा आवाज वाईट नव्हता, थकलेला होता. "पाचाला चूक म्हणत नाहीत, बाळ. पाचाला दुसरं विश्व म्हणतात."

कुणीतरी हसलं. मिर्यामही हसायचा प्रयत्न करत होती, आणि तिच्या मानेवर लाल डाग उठत होते. फुल्वियाच्या आत त्या वेळी जे पसरलं त्याला तिला नाव देता आलं नसतं. ते कोमट होतं आणि गोड होतं, व्रताच्या दिवशी चुकून साखर जिभेला लागावी तसं. तिने पापण्या खाली केल्या. बेनुस्सीने विचारलं, "फुल्विया, तुझ्या बाजूने सगळं नीट ना?" आणि ती म्हणाली, "आकाश ठीक आहे." त्या क्षणी तिला ते खरंच वाटत होतं. हे तिने नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं.

"पायऱ्या सांग बघू पुन्हा," बेनुस्सी मिर्यामला म्हणाला.

मिर्याम सांगू लागली. आवाज खोल गेला होता, पण एकही पायरी तिने गाळली नाही. खरखर वजा केली. आकाशगंगेचा पट्टा झाकला. "मग चौकोनांचा बोथटपणा. आकाश चौकोनांत ओतलं की एका चौकोनात एकच रंग राहतो, बारीक तपशील मरतो. तो नेहमीप्रमाणे भरून काढला."

फुल्वियाला आधी बापाचा आवाज ऐकू आला. मग तिच्या तळपायांना गार लागलं. चौकोनांचा तो बोथटपणा आकाशात घालायला हवा असतो. तिच्या जुन्या यंत्रणेत तो आपोआप पडायचा, इतकी वर्षं आपोआप पडत आला होता की तो पडतो हे ती विसरून गेली होती. आणि हाताने लिहिलेल्या त्या आकाशात? तिने त्या ओळी डोळ्यांपुढे आणल्या. पहिली, दुसरी, शेवटची. नव्हता. तिने तो घातलाच नव्हता. तिच्या आकाशात माशाच्या डोळ्याची चमक जिवंत राहिली होती. मिर्यामने ती मेली असं धरून वरून आणखी चमक घातली, आणि बारीक तरंग आहेत त्यापेक्षा मोठे दिसले. कल सरकला. सात दोन. मिर्यामने काहीच चुकवलं नव्हतं. तावदानं थडथडत होती. आत्ता हात वर केला तर एका वाक्याचं काम होतं. फुल्वियाने हात मांडीवरच ठेवला. बैठक उठली, खुर्च्या सरकल्या, आणि ते वाक्य तिच्या तोंडात तसंच राहिलं.

बेनुस्सीने तिला जिन्यात गाठलं. "वाईट वाटलं पोरीचं. पण थांबायला वेळ नाही, दुसऱ्या गटांकडेही आकाश पोचलंय." त्याने कठड्याला पाठ लावली. "खरं आकाश तू वाच, फुल्विया. जुन्या पद्धतीने. संथ आहे पण चुकत नाही. तुझ्यासारखीच."

"माझ्यासारखी," ती म्हणाली.

"अगं, कौतुक होतं ते. तुला हवंच होतं ना कधीतरी? मला वाटतं मी तुला एकदा म्हणालोही होतो."

तर त्याला आठवत होतं. तिला वाटलं होतं तो विसरलाय, आणि त्या विसरण्यावर तिने एवढं सगळं रचलं होतं. ती काहीतरी बोलली आणि जिना उतरली. बस न घेता उतारावरून चालत सुटली, मफलर तोंडावर ओढून, कार्स्टवरून खाली झेपावणारा वारा पाठीवर घेऊन. समुद्र शिशाच्या रंगाचा आणि खवल्याखवल्यांचा दिसत होता. बार्कोलाच्या किनाऱ्यावर दगडी बाकांवर कुणी नव्हतं. खरं आकाश. ती ते शब्द मनात फिरवून बघत होती. सबंध आयुष्य ज्याची नक्कल केली ते एकदाच, आपल्या पडद्यावर, कुणी न केलेलं, ज्याचे आकडे फक्त एकाला माहीत आहेत आणि तो कधी बैठकीत येऊन तोंडाने बोलणार नाही. इतकी आकाशं करताना तिला कधी कधी भीती वाटायची की आपण देवाच्या कामाची टवाळी करतोय. म्हणून तर प्रत्येकाला एकेका संताच्या पदरात घालायची. आता तो म्हणत होता, ये, बघ. आनंद होत नव्हता. ती आनंदाची वाट बघत बाकावर बसली, पाण्याचे शिंतोडे ओठांवर खारट लागले. तिला आठवत राहिलं ते मिर्यामचं मागे हात बांधून उभं राहणं, मानेवरचे लाल डाग. आणि त्यातही चीड येत होती, की ही मुलगी नापास झाली तरी डोक्यातून जात नाही. आपल्या आनंदाच्या दिवशीही तीच मध्ये बसलेली आहे. फुल्वियाला एकदम वाटलं, कुणीतरी आपल्यालाही चौकोनात ओतलंय. सारा जन्म एका रंगात.

ती परत वर गेली तेव्हा दिवे लागायची वेळ होत आली होती. तिच्या टेबलापाशी खुर्ची ओढून मिर्याम बसली होती. डोळे सुजलेले, पण समोर कागदी पिशवीत दोन बिस्किटं.

"तुम्ही जेवला नाहीत. मी बघितलं, तुम्ही नुसत्या बाहेर गेलात."

"तू रडलीस?"

"थोडं. प्रसाधनगृहात. मग तिथला पंखा इतका आवाज करतो की मलाच हसू आलं." तिने नाक पुसलं. "मी फक्त एक विचारायला आलेय. माझं कुठं चुकलं, ते मला सापडत नाहीये. तुम्हाला काही दिसलं का? तुमचं आकाश आहे म्हणजे आकाशात चूक नाही, तेवढं मी धरून चाललेय."

फुल्वियाने कोट काढला नव्हता. मफलरही नव्हता सोडला. 'धरून चाललेय.' तिला वाटलं, हिने एवढं एक म्हटलं नसतं तर मी गप्प राहू शकले असते. घशात तोच खडा होता. तिने तो गिळायचा प्रयत्न केला, तो गिळला गेला नाही, म्हणून मग ती बोलली.

"आकाशातच चूक आहे. मी चौकोनांचा बोथटपणा घातला नाही."

मिर्यामने बिस्किटांची पिशवी बाजूला सरकवली.

"विसरले," फुल्विया म्हणाली. आणि मग, कारण तेवढं पुरेसं खरं नव्हतं, "माझ्या नेहमीच्या रीतीने केलं नाही. तुला माझ्या सवयी माहीत आहेत म्हणून. तुला ओळखीचं काही मिळू नये म्हणून. मला सकाळीच कळलं होतं, तू पायऱ्या सांगत होतीस तेव्हा. मी बोलले नाही."

बाहेर वाऱ्याने काहीतरी पत्र्याचं दूरवर लोळवत नेलं. मिर्यामचा चेहरा आधी उजळला, एकदम, लहान मुलासारखा. मग त्यावर दुसरंच काही आलं. ती हळूच म्हणाली, "आकाश हातात आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मला शंका आली होती."

"कसली?"

"बारीक टोकाला माझी रेघ बसत नव्हती. म्हणून एकदा बोथटपणा न काढता मोजून बघितलं. चपखल बसली."

"मग बोलली का नाहीस?"

"पद्धत आधी ठरलेली. आकाश बघून पद्धत बदलायची नाही, हे तुम्हीच शिकवलंत. आणि सगळ्यांसमोर तुम्हाला काय विचारणार होते? फुल्विया, तुम्ही विसरलात का, म्हणून? मला वाटलं मीच मूर्ख असेन. आणि समजा नसले... तर नापास होऊन पुन्हा परीक्षा देता येते. तुमचं तसं नाही ना."

फुल्विया खुर्चीवर बसली. ती कबुली देऊन हलकी होईल असं तिला वाटलं होतं. निदान आज या मुलीपुढे मोठी होईल असं वाटलं होतं, एवढं एक तरी मोठेपण आपल्या वाट्याला येईल. तेही हिच्या ओंजळीत आधीपासून होतं. तिने ते दाखवलंसुद्धा नव्हतं. आजवर तिला या मुलीच्या हुशारीचा हेवा वाटत होता, केसांचा, आजोळच्या बाकांचा, लिवियोच्या कॉफीचा. त्याखाली आणखी एक तळघर असेल याची तिला कल्पना नव्हती.

"चल," ती म्हणाली. "बेनुस्सी घरी जायच्या आत."

बेनुस्सी कोट घालत होता. एक हात बाहीत, एक बाहेर, तसाच त्याने सगळं ऐकलं. मिर्यामने जुन्या मोजणीचा आकडा काढून दाखवला. दशांश नऊ पाच नऊ. तो पडद्यावर वाकून बघत राहिला, मग फुल्वियाकडे वळला. "आकाश ठीक आहे, म्हणालीस."

"म्हणाले."

"तुझ्या देवालाही असंच सांगतेस का रोज सकाळी?"

"बेनुस्सी!" मिर्याम म्हणाली, आणि तिच्या आवाजात राग होता. फुल्वियाची बाजू घेण्याचा राग.

"राहू दे," फुल्विया म्हणाली. "त्याला विचारायचा हक्क आहे." बेनुस्सीने दुसरा हात बाहीत घातला. काही वेळ बटणं लावत राहिला. "उद्या बैठकीत तू स्वतः सांगायचं. सगळं. आणि मिर्याम, खरं आकाश तुझ्याकडे." दारात थांबून, मागे न बघता, जरा खालच्या आवाजात म्हणाला, "संताशिवाय करत जाऊ नकोस, फुल्विया. आमची काही हरकत नाही त्याला."

सकाळी वारा पडला होता. वारा पडला की त्रिएस्ते बहिऱ्यासारखं शांत होतं. कालव्यातलं पाणी हलत नव्हतं. लिवियोचं दुकान तिने बाहेरूनच ओलांडलं. काचेतून त्याने हात केला, तिनेही केला. देवळात कुणी नव्हतं, फक्त झाडणाऱ्या बाईची बादली खांबापाशी ठेवलेली. फुल्वियाने मेणबत्ती लावली. बैठकीत काय बोलायचं ते तिने ठरवलं होतं, तेवढ्यासाठी काही मागायचं नव्हतं. तिने नावं घ्यायला सुरुवात केली. आई. बाप. नेव्हिया, कॅनडातली, तिची मुलं. बेनुस्सी. लिवियोचंही घेतलं, पहिल्यांदाच. मग ती त्या जागेपाशी आली, जिथे श्वास सोडायची. थांबली. ज्योत सरळ उभी होती. "मिर्याम," ती म्हणाली. मनात नाही, मोठ्याने. नाव पुरतं बाहेर आलं, खांबांपर्यंत गेलं आणि दोनदा परत ऐकू आलं, निर्मळ आणि तरुण. बादलीवाल्या बाईने वळून पाहिलं. फुल्विया हात जोडून तशीच उभी राहिली. आणि बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं की तिची उजवी टाच, अंगाचा सगळा भार घेऊन, खालच्या फरशीवर दाबलेली आहे. तिने ती उचलायचा प्रयत्न केला. थोडी उचलली. मग पुन्हा तेच नाव घेतलं.